जिल्ह्याबाहेरचा मास्तर

मुलानं घरी राहावं म्हणून बाप नाना उपाय करतात. कोणी त्याचं लवकर लग्न लावून देतो, कोणी दुकान टाकून देतो, कोणी ऐन वेळी छातीला हात लावून खाटेवर आडवा होतो. तेल्हाऱ्याच्या खुशालरावांनी कायदा करवून घेतला. खाटेवर आडवं होणं त्या मानानं सोपं होतं, पण त्यांची प्रकृती फार चांगली होती.

खुशालराव शेतकरी. गावाबाहेर काळी जमीन, त्यात कापसाची पऱ्हाटी, गोठ्यात बैल, आणि घरात दोनच माणसं: ते आणि त्यांचा मुलगा देवीदास. देवीदासची आई जमुनाबाई तो लहान असतानाच गेली. दूरच्या नात्यातल्या पार्बताबाई दोन वेळा येत, रांधत, बोलत आणि जात. बोलण्याचं सगळं काम त्यांच्याकडे असल्यामुळे बापलेकांना ते करावं लागत नसे. दोघं समोरासमोर बसून जेवत. एखादेवेळी खुशालराव म्हणत, "मीठ झालं थोडं." देवीदास म्हणे, "हाव." एवढ्या संभाषणावर खुशालरावांचा दिवस चांगला जाई.

देवीदास मराठी सातवी पास झाला तेव्हा मात्र पंचाईत झाली. सातवी पास झालेल्या मुलापुढे त्या काळी वऱ्हाडात दोन रस्ते होते. मास्तर होऊन दुसऱ्यांना सातवी पास करायचं, नाहीतर पटवाऱ्याच्या शेजारी बसून दुसऱ्यांच्या जमिनी लिहायच्या. देवीदासला दोन्ही नको होते. तो हंगामभर गावच्या जिनात, कापसातली सरकी काढणाऱ्या त्या कारखान्यात, इंजिनासमोर उभा असे. लोक देवळात उभे राहतात तसा.

एक दिवस जेवताना तो मिठाव्यतिरिक्त काही बोलला.

"बाबा, मले इंजिनचं काम शिकायचं हाये."

"मंग शिक ना. कोण नाही म्हणून राहिलं?"

"इथं कोणी शिकवत नाही. मुंबईले शिकवते."

खुशालरावांचा घास हातातच राहिला. मुंबई त्यांनी पाहिली नव्हती. पण गावातली जी मुलं तिकडे गेली होती ती दिवाळीला येत, दोन दिवस राहत आणि पाण्याला नावं ठेवून परत जात, एवढं त्यांनी पाहिलं होतं.

"मुंबईले शिकवते ते पोट्ट्यायले इथं काहून नाही शिकवत?" त्यांनी विचारलं.

"इथं तशी शाळा नाही."

"मंग शाळा आणू. तू थांब जरासा."

"किती?"

"जरासा म्हनलं ना!"

असा या कायद्याचा जन्म झाला. पुढे नागपूरच्या कौन्सिलात, कायदे करणाऱ्या सभेत, अनेकांनी त्याची कारणं सांगितली. कोणी बेकारी म्हटलं, कोणी उद्योगधंद्यांची वाढ म्हटलं, कोणी राष्ट्र म्हटलं. खरं कारण तेल्हाऱ्याला भाकरीच्या ताटासमोर बसलं होतं.

खुशालराव अकोल्याकडून उभे राहिले आणि निवडून आले. त्यांच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या गृहस्थांना नागपूरचं पाणी बाधत असे, त्यामुळे लढत फारशी झाली नाही. कौन्सिल नागपूरला भरे आणि तिथलं कामकाज इंग्रजीत चाले. ज्यांना इंग्रजी येत नसे त्यांना मराठीत बोलायची परवानगी होती, आणि ज्यांना मराठी येत नसे त्यांना न ऐकायची परवानगी होती. खुशालरावांनी मराठीत सांगितलं की शाळा सोडलेल्या मुलांना लोहारकाम, सुतारकाम, इंजिनाचं काम त्यांच्याच तालुक्यात शिकवावं, तशा शाळा सरकारनं काढाव्यात, आणि गावच्या जिनांनी त्या मुलांना हाताखाली घ्यावं. बोलणं तेवढंच होतं. अमरावतीचे वकील वामनराव यांनी त्याचं इंग्रजी केलं तेव्हा त्याची बावीस कलमं झाली.

हे वामनराव अमरावतीत राजापेठेत राहत. शिडशिडीत, टापटिपीचे, पानाच्या डब्यावरही धूळ बसू न देणारे. नागपुरात सीताबर्डीवर दोघांच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. वामनरावांना घरी खूप माणसं होती आणि खुशालरावांना एकच, पण नागपुरात दोघंही सारखेच एकटे होते. संध्याकाळी ओसरीवर बसून एक पान लावी, दुसरा अडकित्त्यानं सुपारी कातरी. घरच्या पोराजवळ राहता यावं म्हणून आपण वर्षातले कितीतरी महिने त्याच्यापासून लांब राहून राहिलो, ही गोष्ट खुशालरावांच्या लक्षात आली होती. त्यांनी ती वामनरावांना सांगितली. वामनराव म्हणाले, "खुशालराव, सार्वजनिक कार्य म्हणतात ते हेच."

बिल कमिटीकडे गेलं. कमिटीनं त्यात सुधारणा केल्या, म्हणजे शाळा कमी केल्या. दर तालुक्याला एक होती, ती साऱ्या वऱ्हाडाला चार झाली. यादीत तेल्हारा नव्हतं.

"तेल्हारा घालायचं तर माझी पाच मतं लागतील तुम्हाला," वामनराव कौन्सिलच्या व्हरांड्यात म्हणाले. "आणि माझ्या तीन दुरुस्त्या तुम्हाला ठाऊक आहेत."

खुशालरावांनी इकडे तिकडे पाहिलं. वर्तमानपत्रवाले होते, सरकारी पक्षाचे दोघं खांबाला टेकून होते.

"इथं नोका बोलू, वकीलसाहेब. हात द्या."

आणि त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं.

अकोल्याच्या बाजारात कापसाचा सौदा असाच होई. विकणारा आणि घेणारा उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरत. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन. तोंडानं गप्पा पावसापाण्याच्या चालत आणि भाव हातानं ठरे. उभ्या असलेल्या शंभर माणसांना काही कळत नसे. या पद्धतीचे नियम दोनच. उपरण्याखाली झालेलं वर बोलायचं नाही. आणि माल उचलल्यावर हात फिरवायचा नाही, म्हणजे ठरलेलं मोडायचं नाही. जो फिरवी त्याला पुढे कोणी दलाल हातच देत नसे, आणि बाजारात ज्याला हात मिळत नाही तो माणूस असून नसल्यासारखा. खुशालरावांनी आयुष्यात हात फिरवला नव्हता.

वामनरावांची अर्धी अशिलं कापसाचे व्यापारी होती. त्यांना ही भाषा चांगली येत होती. त्यांनी तीन बोटं धरली. म्हणजे तिन्ही दुरुस्त्या.

"यंदा नागपुरात थंडी कमी हाये," खुशालराव म्हणाले, आणि दोन बोटं सोडवून घेतली.

"आमच्याकडेही तसंच," वामनरावांनी एक पुन्हा धरलं.

"संत्र्याले बरी नाही म्हणते ही हवा." ते बोट पुन्हा सुटलं.

शेवटी एकच बोट राहिलं, मधलं. म्हणजे मधली दुरुस्ती. ती अशी होती की या शाळांत नेमायचा मास्तर त्या जिल्ह्याचा रहिवासी नसावा. अमरावतीत कुठलीही संस्था निघाली की त्यात चालकांचे भाचे-पुतणे भरले जात, आणि त्यातले निम्मे वामनरावांच्याच ओळखीनं जात. ते या ओळखींना कंटाळले होते. खुशालरावांना दुरुस्ती पसंतच होती. त्यांचा मुलगा शाळेत शिकणार होता. शिकवणार कोण याच्याशी त्यांना काय करायचं होतं?

वामनरावांनी हात काढून घेतला आणि रुमालानं पुसला. "तुम्ही कापूस विकता की कायदा?"

"दोन्हीत कचरा सारखाच निघते, वकीलसाहेब."

पाच मतं पडली. तेल्हाऱ्याचं नाव यादीत गेलं, मास्तराचं कलम नवव्या नंबरावर बसलं, आणि कायदा पास झाला. खुशालराव पेढे घेऊन घरी आले. देवीदासनं एक पेढा खाल्ला आणि विचारलं, "शाळा कधी?"

तो प्रश्न खुशालरावांनी आधी विचारला असता तर बरं झालं असतं. कारण वऱ्हाडात नागपूरचा कायदा आपोआप लागत नसे. वऱ्हाड होतं इंग्रजांच्या ताब्यात, पण कागदोपत्री निजामाचं. त्यामुळे नागपुरात पास झालेला कायदा वऱ्हाडात यायचा तर वर हिंदुस्थान सरकारचा वेगळा हुकूम लागे. खुशालराव वऱ्हाडचे, वामनराव वऱ्हाडचे, ज्या शाळांसाठी भांडले त्या वऱ्हाडच्या, आणि कायदा सध्या छिंदवाड्याला लागू झाला होता.

"मंग इतके दिवस तुमी नागपूरले काय करून राहिले होते, भाऊ?" पार्बताबाईंनी चुलीपासून विचारलं.

"कायदा."

"आमच्या कामाचा नाही तो?"

"हाये ना. फक्त आपल्याले लागत नाही."

पार्बताबाईंनी भाकर उलटली. "आमच्या बुढ्याचे कोट असेच होते, अंगाले लागतच नव्हते," त्या म्हणाल्या.

देवीदास थांबला. एक हंगाम थांबला, दुसरा थांबला. जिनात कोणी त्याला तेलाचा डबा धरायला देई, कोणी हाकलून देई. तिसऱ्या हंगामाला त्याच्या ओठांवर मिशी आली आणि तो जेवताना पुन्हा बोलला.

"बाबा, हा कायदा येईपर्यंत माह्यं लगन होईन, पोट्टे होतीन, ते सातवी पास होतीन. मंग तेच शिकतीन."

खुशालराव हसले. मुलाला एवढं लांब वाक्य बोलता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"मुंबईले किती दिवस लागते?"

"तीन वर्सं."

"जा," ते म्हणाले. "मी रागानं नाही म्हणून राहिलो. जा."

अकोल्याच्या स्टेशनावर ते त्याला पोचवायला गेले. गाडी यायला वेळ होता. दोघं बाकावर बसले. खुशालरावांना पुष्कळ सांगायचं होतं, पण घरी सगळं पार्बताबाईच बोलत असल्यामुळे सुरुवात कुठून करतात ते त्यांना कळेना. गाडी दिसायला लागल्यावर ते म्हणाले, "तिथं मीठ कमी टाकते म्हणते." देवीदास म्हणाला, "हाव." गाडी गेली.

घरी ते रोज जेवायला बसत. पार्बताबाई समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखं बोलत. त्या गेल्या की घरात जिनाच्या इंजिनाचा आवाज तेवढा येई, आणि हंगाम संपला की तोही येत नसे. अशा वेळी मनुष्य देवाधर्माला लागतो. खुशालराव हुकूम आला का ते विचारायला नागपूरला जात.

हुकूम आला. देवीदास जाऊन दोन वर्षं झाल्यावर आला. विटा आल्या, टिनाचं छप्पर आलं, ऐरणी आल्या, एक जुनं इंजिन आलं. तेल्हाऱ्यात शाळा उभी राहिली. त्याच उन्हाळ्यात अमरावतीला वामनराव वारले. खुशालराव मयतीला पोचू शकले नाहीत, तेराव्याला गेले. राजापेठेतल्या त्या घरात माणसं एवढी होती की त्यांना बसायला जागा मिळेना. कोणी विचारलं, तुम्ही कोण? ते म्हणाले, "आमी नागपूरले शेजारी होतो."

आणि मग देवीदासचं कार्ड आलं. शिक्षण झालं होतं. तेल्हाऱ्याच्या शाळेला मास्तर पाहिजे असं त्याला कळलं होतं. मी येऊ का, असं त्यानं विचारलं होतं.

खुशालराव कार्ड घेऊन पार्बताबाईंच्या घरी स्वतः गेले. असे ते कधी जात नसत. "देवीदास येऊन राहिला," ते म्हणाले. "कायमचा."

आनंदात माणसाला स्वतःची मुलंबाळं आठवतात, कलमं आठवत नाहीत. देवीदासचा अर्ज गेला तेव्हा सरकारी खात्याला ती आठवली. खात्यानं कळवलं की अर्जदार अकोला जिल्ह्याचा रहिवासी असल्यामुळे कलम नऊ अन्वये त्याला तेल्हाऱ्यास नेमता येत नाही. मात्र अमरावती जिल्ह्यात दर्यापूरची जागा मोकळी आहे.

या वेळी जानराव धावून आले. जानराव बाळापुराकडचे, कौन्सिलात खुशालरावांच्या शेजारी बसणारे, पोटानं आणि आवाजानं मोठे. लहानपणापासूनचे मित्र.

"लेका, तू कायले तोंड पाडून बसला?" ते म्हणाले. "नववं कलम काढून टाकू. मी आणतो दुरुस्ती. त्या कलमानं कोणाचं भलं झालं? घरचा पोट्टा घरी नोको, दुसऱ्याचा आणा! कोण्या शहाण्याचं डोकं होतं ते?"

खुशालरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. जानरावांना वाटलं, उपकारानं गहिवरला.

त्यांनी खरोखर खपून मतं जमवली. ज्यांच्याकडे आयुष्यात पाणी प्यायले नव्हते त्यांच्याकडे जेवले. हिशेब अगदी काठावर आला: खुशालराव धरून एक मत जास्त.

मत मोजायचं तेव्हा सभासदांनी उठून दोन दारांनी बाहेर जायचं असे. हो म्हणणाऱ्यांनी उजवीकडच्या, नाही म्हणणाऱ्यांनी डावीकडच्या. अध्यक्षांनी सांगितलं आणि खुर्च्या वाजल्या. खुशालराव उठून उभे राहिले.

माल उचलला होता. तेल्हाऱ्यात त्या पाच मतांवर शाळा उभी होती, तिच्या तापल्या टिनावर उन्हाळ्यात चिमण्यासुद्धा बसत नव्हत्या इतकी खरी. आता किंमत परत मागायची होती. सौदा दोघांत झाला होता, त्यातला एक राहिला नव्हता. वामनराव जिवंत असते तर खुशालराव ओसरीवर सुपारी कातरता कातरता म्हणाले असते, वकीलसाहेब, तेवढं एक बोट सोडता का? आणि त्यांनी सोडलंही असतं. मेलेल्या माणसाकडून बोट सोडवून घ्यायचं कसं, हे बाजारात कोणी शिकवलं नव्हतं. आणि कोणाला विचारावं तर उपरण्याखालचं वर बोलायचं नाही.

ते डावीकडे निघाले.

"अबे!" मागून जानराव ओरडले. "अबे, इकडं! हे दार!"

दोघं-तिघं हसले. मराठीत भाषण करणारा शेतकरी, दार चुकला. एक इंग्रज अधिकारीसुद्धा सौजन्यानं उजव्या दाराकडे बोट दाखवू लागला. खुशालरावांनी त्याला नमस्कार केला आणि डाव्या दारानं बाहेर गेले. त्या दारानं जाणाऱ्यांत त्यांच्या बाजूचा एकही नव्हता.

एका मतानं कलम राहिलं.

जानरावांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "मी अध्यक्षाले सांगतो, याले दार समजलं नाही. अजून वेळ हाये. तू फक्त मान हालव."

"समजलं होतं मले."

"समजलं होतं?" जानरावांचा आवाज एकदम बसला. "तुह्यासाठी मी कोणाकोणाच्या पाया पडलो, लेका! तुह्याच पोरासाठी! काहून केलं असं?"

खुशालराव खांबाकडे पाहत राहिले.

"सांग ना!"

"नाही सांगता येत, जानराव."

"मंग राह्य," जानराव म्हणाले. त्या दिवसापासून शेजारच्या खुर्चीवर बसूनही त्यांनी खुशालरावांशी बोलणं टाकलं. शिंक आली तर तीसुद्धा दुसरीकडे तोंड करून देत.

देवीदास दर्यापूरला जाण्याआधी दोन दिवस घरी आला. आता तो लांब वाक्यं सहज बोलत होता. पार्बताबाईंनी चून, म्हणजे पिठलं, आणि भाकर केली, अंबाडीची भाजी केली, आणि अवघड बोलणं आहे हे ओळखून आयुष्यात पहिल्यांदा लवकर गेल्या.

"पेपरात नाव छापून आलं," देवीदास म्हणाला. "कोणी कुठं मत देल्लं ते."

"हाव."

"मले वाटलं छापणाराची चूक असन."

खुशालराव भाकर मोडत राहिले.

"तुमाले मी इथं नोको होतो काय, बाबा?"

वास्तविक हा कायदा कशासाठी झाला हे सांगायला फार शब्द लागले नसते. पण ते सांगितलं की पुढचं विचारलं जाणार, आणि पुढचं त्यांचं एकट्याचं नव्हतं.

"तसं नाही बेटा," ते म्हणाले.

"मंग कसं?"

"कसं ते..." खुशालरावांनी हात धुतले. "माह्यावर इश्वास असन तर नोको इचारू."

देवीदासनं विचारलं नाही. विश्वास होता म्हणून की कंटाळला म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. सकाळी तो मोटारीनं गेला. पुढे मुर्तिजापूरहून छोट्या गाडीनं दर्यापूर. म्हटलं तर लांब नाही. पण मुंबईहून तो दिवाळीला येत असे, आणि त्या वर्षी दर्यापूरहून आला नाही.

तेल्हाऱ्याला मास्तर आला तो दर्यापूरचा. गोवर्धन त्याचं नाव. दर्यापूरच्या पोराला अमरावती जिल्ह्यात बंदी, म्हणून तो इकडे. तेल्हाऱ्याच्या पोराला अकोला जिल्ह्यात बंदी, म्हणून तो तिकडे. कायद्यानं तराजू अगदी समतोल धरला होता, दोन्ही पारडी रिकामी.

गोवर्धन मास्तरला गावात जेवायची सोय नव्हती. पार्बताबाईंनी परस्पर सांगून टाकलं की आमच्या भाऊकडे येत जा, तिथं रोज भाकर उरते. तो पहिल्या दिवशी आला, पाटावर बसला आणि लगेच बोलायला लागला. बोलका पोरगा होता.

"काकाजी, शाळा चांगली हाये तुमची. पोट्टेबी चांगले. फक्त मायची काळजी वाटते."

"घरी कोण कोण हाये?"

"माय एकटीच. शकुनबाई म्हणते तिले सारे. मी तिथंच शिकवलं असतं, दोन वावरं ओलांडली की शाळा हाये. पण ते नववं कलम हाये ना." त्यानं भाकरीचा तुकडा चुनात बुडवला. "मांगच्या साली काढून राहिले होते म्हणते. एका गाढवानं ऐन वेळी उलटं मत देल्लं. तुमी कौन्सिलात होते ना, काकाजी? कोण होता तो?"

चुलीपाशी पार्बताबाईंचा हात थांबला.

खुशालरावांनी टोपलीतली गरम भाकर काढून त्याच्या ताटात टाकली.

"होता एक," ते म्हणाले. "मी ओयखतो त्याले."

"काहून केलं त्यानं असं?"

"सांगत नाही तो कोणाले. तुमी जेवा."